विनापरवाना पूल

“ना अर्ज, ना नकाशा, ना कोणाची सही. अन् दिला पूल बांधून. असं कुठं राहते का?”

आतल्या खोलीतून ही कुरकुर आली तेव्हा प्रेमलता सांबार निवडत बसली होती. सांबार म्हणजे तिचा पुणेकर जावई जिला कोथिंबीर म्हणतो ती. सांबारवडीला चार जुड्या लागतात, आणि चार जुड्या निवडून होईपर्यंत शेजारच्या खोलीतला निवृत्त माणूस साधारण अकरा वेळा कुरकुरतो, हे तिला सहा महिन्यांच्या अनुभवानं ठाऊक झालं होतं. त्यातल्या नऊ कुरकुरी हवेसाठी असतात, दोन बायकोसाठी. ही बायकोसाठी होती, कारण पाठोपाठ खुर्ची तिच्या दिशेनं करकरली.

“कोणी बांधला पूल?” तिनं विचारलं.

“मीच. बटन दाबलं अन् बांधल्या गेला.”

“मग बरं झालं ना.”

“काय बरं झालं, प्रेमा? नदीवरचा पूल आहे तो. नदीवाल्यांचं ना-हरकत पत्र नाही, रस्तेवाल्यांले माहीत नाही. उद्या कोणी हरकत घेतली तर पूल कोणाच्या सहीनं उभा आहे म्हणून सांगू?”

खेळ तसा साधा होता. पडद्यावर मोकळी जमीन, मधून नदी, आणि कडेला चित्रांची रांग: घर, शाळा, दवाखाना, रस्ता, पूल. चित्र उचलायचं, जमिनीवर ठेवायचं, की इमारत उभी. मग चिमुकली माणसं बॅगा घेऊन राहायला येतात आणि त्यांच्या डोक्यावर हसरे गोल चेहरे तरंगू लागतात. जगात लाखो लोक मन रमवायला हा खेळ खेळतात. पण त्यातल्या कुणी सरकारी कचेरीत बांधकाम परवानगीच्या टेबलावर तेहेतीस वर्षं काढलेली नसावीत.

जुलैत लेक गार्गी येऊन गेली, तेव्हा जुना कॉम्प्युटर बाबांना देऊन त्यात हा खेळ तिनंच घातला होता. बाबांना काहीतरी विरंगुळा हवा, असं तिचं म्हणणं. विरंगुळ्याची गरज का पडली, ते तिनं म्हटलं नाही. घरात कुणीच म्हणत नव्हतं. त्याचं असं की निरोप समारंभात मोठे साहेब माइकवरून म्हणाले होते, “मनोहरराव, तुम्हाला आम्ही सोडणार नाही. कंत्राटी म्हणून बोलावतो, आदेश निघेलच.” शाल, नारळ आणि हे वाक्य, अशा तीन वस्तू घेऊन मनोहरराव बेसा भागातल्या फ्लॅटवर परतले. नारळाची चटणी झाली, शाल कपाटात गेली, वाक्य मात्र हॉलमध्ये ठाण मांडून बसलं. ऑफिसचं पत्र येईल म्हणून ते गावाला जाईनात, डोळ्याचं ऑपरेशन करून घेईनात, आणि फोन तर आंघोळीलाही सोबत नेऊ लागले.

आता गार्गीचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण, खरं तर तीच माहेरी यायची. पण डॉक्टरांनी तिला प्रवास बंद केला. तारीख वीस जानेवारीची. तेव्हा आईबापांनी जानेवारी लागताच पुण्याला जाऊन राहायचं, हे सगळ्यांना मान्य होतं, एका माणसाखेरीज. “पत्र आलं अन् मी इथं नसलो तर?” हा त्याचा प्रश्न. प्रेमलता एकटी गेली असती. पण गॅसवर चहा ठेवून फोनकडे पाहत बसलेला नवरा डोळ्यांसमोर आला, की तिचा पाय निघेना.

तर पूल.

“तुले येते ना ते, आतमध्ये जाऊन लिहिणं?” मनोहररावांनी विचारलं.

आतमध्ये जाऊन लिहिणं म्हणजे काय हे प्रेमलतेला कळलं, आणि तिथंच तिचा घात झाला. न कळणाऱ्या बायका सुखी असतात. तिला कॉम्प्युटर कुणी शिकवला नव्हता. गार्गीच्या कॉलेजचा फॉर्म भरताना पान चार वेळा उडालं, पाचव्या वेळेस तिनं त्याला नमवलं, आणि तेव्हापासून अख्ख्या फ्लॅट स्कीमचे, म्हणजे सोसायटीचे, फॉर्म तिच्या डायनिंग टेबलावर येऊ लागले. कुणाचा पासपोर्ट, कुणाच्या वीजबिलावरचं नाव. लाल चांदणीचा रकाना सोडला की पुढचं बटन फिक्कंच राहतं, हे ज्ञान बेसा परिसरात तिच्याइतकं कुणाजवळ नव्हतं.

तिनं गार्गीला फोन लावला.

“सोपं आहे, आई,” गार्गी म्हणाली. “खेळाच्या फोल्डरमध्ये साध्या मजकुराच्या फायली असतात. शब्द बदलायचे तर एक, आकडे बदलायचे तर दुसरी. लोक हौसेनं बदलतात. मॉड म्हणतात त्याला.”

“कशासाठी बदलतात?”

“खेळाला आणखी मजा यावी म्हणून.”

प्रेमलतेनं आतल्या खोलीकडे पाहिलं. “यांना मजा कमी करून पाहिजे,” ती म्हणाली.

पहिला हुकूम, सगळं मराठीत हवं. तिनं दोन दिवस बसून शब्दांची फाइल मराठी केली, खेळ उघडला, तर प्रत्येक बटनावर नुसते चौकोन. मनोहररावांना ते फार आवडले. ले-आउटचा नकाशा वाटतो म्हणाले. मग चार व्हिडिओ पाहून तिनं मराठी अक्षरं आत नेऊन बसवली. चौकोन गेले, पण जोडाक्षरांचा काडीमोड झाला. ‘रस्ता’मधला अर्धा स एकीकडे, त दुसरीकडे, आणि मध्ये एक बस जाईल एवढी जागा. मनोहररावांनी त्यावर तोंडी काही सांगितलं नाही. तोंडी सांगायची त्यांची पद्धतच नव्हती. संध्याकाळी पोळपाटाखाली तिला चिठ्ठी सापडली: ‘दुरुस्तीसह फेरसादर करावे.’ खाली तारखेसह छोटी सही.

ज्या बाईनं निम्म्या स्कीमला परदेशी पाठवलं तिला फेरसादर. प्रेमलतेनं त्या दिवशी वरणात हिंग घातला नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही, ही गोष्ट वेगळी.

त्या रागात दुरुस्ती करताना तिच्या हातून कुठंतरी एक अवतरणचिन्ह सुटलं आणि खेळ उघडायचाच बंद झाला. सात हजार ओळी, त्यात एक हरवलेलं चिन्ह. तीन दिवस ती बोट ठेवून ओळी वाचत होती, आणि तीन दिवस मनोहरराव दर अर्ध्या तासानं मागं येऊन उभे राहत होते, जसे लोक पूर्वी त्यांच्या टेबलासमोर उभे राहायचे. वरच्या मजल्यावरची जया सल्ला द्यायला खाली आली. जयाला कॉम्प्युटर येत नाही, पण सल्ला कशाचाही येतो.

“बंद करून चालू कर ना वं, ताई.”

“केला.”

“मग थोडं थंड होऊ दे. आमचा मिक्सर असंच करते.”

“हा मिक्सर नाही, जया.”

“गरम तर होते ना?” जया म्हणाली, आणि ती या मुद्द्यावर कायम राहिली.

चिन्ह चार हजार बाराव्या ओळीत सापडलं. बांधायच्या बटनावर प्रेमलतेनं ‘बांधा’ लिहिलं होतं. मनोहरराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “हुकूम देऊन राहिली का तू लोकांले? ‘बांधकाम परवानगी मिळणेबाबत विहित नमुन्यातील अर्ज सादर करा’ असं लिही.” तिनं लिहिलं. तो मजकूर बटनातून निघाला, नदी ओलांडून गेला आणि ‘करा’ दवाखान्याच्या गच्चीवर जाऊन पडला. पुष्कळ वाटाघाटींनंतर ‘अर्ज’ एवढ्यावर तडजोड झाली.

मग आकड्यांची फाइल. एका क्षणात उभ्या होणाऱ्या इमारतीला पंचेचाळीस दिवस लागले पाहिजेत. तेवढी मुदत असतेच. प्रेमलतेनं पंचेचाळीस घातले, वर एक शून्य चुकून पडलं, आणि खेळ दिवस नाही तर महिने मोजत होता हे तिला माहीत नव्हतं. दवाखाना सदतीस वर्षांनी पूर्ण होईल असं पडद्यावर आलं. ती दुरुस्त करायला धावली.

“राहू दे,” मनोहरराव म्हणाले. “हे खरं वाटते.”

त्यानंतर प्रत्येक अर्जाला प्रश्नावली जोडली, लाल चांदण्यांसह. ‘शेजाऱ्यांची हरकत आहे काय?’ या प्रश्नावर मनोहरराव दर वेळी ‘होय’ दाबत.

“कोणाची हरकत आहे?” तिनं एकदा विचारलं.

“असतेच कोणाची तरी.”

पडद्यावरचे हसरे चेहरे आधी सपाट झाले, मग उलटे. चिमुकली माणसं बॅगा उचलून नकाशाच्या कडेवरून चालती झाली. ‘नागरिक शहर सोडून जात आहेत’ ही पाटी, प्रेमलतेनंच मराठी केलेली, सारखी लुकलुकू लागली. मनोहररावांनी वहीत लिहिलं, ‘नोंद घेतली.’ शेवटी अख्ख्या शहरात चार माणसं उरली.

“हे चौघं काहून थांबले?” तिनं विचारलं.

“त्यांचे अर्ज प्रलंबित आहेत. शहर सोडायचे.”

इथपर्यंत प्रकरण चार भिंतींत होतं. एक दिवस जया सायीचं विरजण मागायला आली आणि तिला पडद्यावर आपली स्कीम दिसली. मनोहररावांनी नवं शहर सुरू करताना बेसाचाच नकाशा उतरवला होता.

“भाऊजी, आमच्या फाटकासमोर बसथांबा टाका ना एक. खऱ्यात तर कोणी टाकून नाही राहिलं.”

“अर्ज द्या,” मनोहरराव म्हणाले.

कुणी दुसरं असतं तर हसून घरी गेलं असतं. जयानं संध्याकाळी अर्ज आणला. पूर्ण पान, डावीकडे समास सोडून. “कोर्ट फीचं तिकीट लावू का वरती?” तिनं विचारलं.

“लावा,” मनोहरराव म्हणाले, आणि तिकीट लागलं.

दुसऱ्या दिवशी स्कीमचे सेक्रेटरी कृष्णकांत आले. समोरचा रस्ता डांबरी व्हावा म्हणून ते चार वर्षं खऱ्या कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत होते, आणि चार वर्षांत त्यांना एकाही माणसानं ‘बसा’ म्हटलं नव्हतं. मनोहररावांनी म्हटलं. कृष्णकांत बसले. त्यांनी फाटकासमोर बगिच्यासाठी तीन प्रतींत अर्ज दिला. पंधरा दिवसांत एकतीस अर्ज झाले. डायनिंग टेबलावर आवक रजिस्टर आलं, आणि प्रेमलतेच्या कणकेच्या डब्यावर बसून लोक आपला नंबर यायची वाट पाहू लागले.

लवकरच उघडकीस आलं की जयाचा बसथांबा आणि कृष्णकांतांचा बगिचा एकाच जागेवर मागितला आहे. जिना हा भांडणाचा रस्ता झाला. जया म्हणे, म्हाताऱ्या बाया उन्हात उभ्या राहतात, त्यांना सावली नको का? कृष्णकांत म्हणत, बगिच्यात सावलीच सावली असते, जयावहिनींना समजावून सांगा. दोघांनी परस्परांवर लेखी हरकत घेतली. सतरा दिवस झाले तरी निकाल नाही म्हणून कृष्णकांतांनी आपला अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे याची माहिती मागवली, तीही लेखी. जमीन खोटी, रस्ता खोटा, आणि तरी जयानं प्रेमलतेकडे विरजण मागणं बंद केलं, कारण निकाल बगिच्याच्या बाजूनं झुकतो आहे अशी तिला आतली खबर होती. आतली खबर प्रेमलतेच्या स्वयंपाकघरातूनच बाहेर जात होती असा आरोप झाला. प्रेमलतेला सगळ्यात जास्त जिव्हारी लागलं ते हे.

ती एका फटक्यात सगळं पुसू शकली असती. जुनी फाइल तिनं जपून ठेवली होती. पण मनोहरराव आता रोज दाढी करत होते. सकाळी साडेदहाला खुर्चीत बसत, दीडला डबा उघडावा तसं ताट पुढं घेत, आणि अर्ज वाचताना नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणत. सहा महिन्यांत तिनं ती गुणगुण ऐकली नव्हती. आणि फोन? फोन मात्र टेबलावर, उजव्या हाताला, अजून तसाच.

अशात धम्मानंद आला. मनोहररावांच्या टेबलावर आता तोच बसत होता; त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पेन्शनच्या कागदाची प्रत द्यायला येतो, असा त्याचा फोन आल्याबरोबर मनोहररावांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि दारातली चप्पल सरळ करून ठेवली. प्रेमलतेनं सांबारवड्या तळल्या.

धम्मानंदनं खेळ बारकाईनं पाहिला आणि तो हसला नाही.

“सर, टिपणीचा रकाना ठेवला तुम्ही.”

“त्याच्याशिवाय कसं होईन?”

“आमच्याकडे नव्या प्रणालीत काढून टाकला. पडद्यावर दोनच बटनं आहेत. मंजूर अन् नामंजूर.”

“अन् शंका आली तर?”

“शंकेचं बटन नाही, सर.”

मनोहररावांनी उचललेली वडी परत ताटलीत ठेवली. मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “साहेब काही म्हणत होते?”

धम्मानंदनं कपात पाहिलं. “आठवण काढतात, सर, सगळे.”

जिन्यापर्यंत सोडायला प्रेमलता गेली, तेव्हा त्याचा आवाज उतरला. “काकू, साहेबांची बदली होऊन दोन महिने झाले. अन् ती जागाच उरली नाही आता. तेच सांगायले आलो होतो. पण सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. माझ्याच्यानं नाही बोलल्या गेलं.”

“मग कोण सांगन?”

“तुम्हीच सांगा, काकू,” असं म्हणून तो दोन दोन पायऱ्या उतरत गेला.

प्रेमलतेनं गार्गीला फोन लावला. तू सांग, तुझं ऐकतात. गार्गी म्हणाली, आई, या अवस्थेत मी रडले तर बाबांना वाटेल भलतंच काही झालं. तिनं जावयाला पुढं केलं. जावई म्हणाला, मी जावई, मी कसं बोलू. जयाशी अबोला तोडून तिला विचारलं, तर जया म्हणाली, सेक्रेटरी कशाले ठेवला आहे? सेक्रेटरी म्हणाले, हा विषय मीटिंगच्या विषयपत्रिकेवर नाही. असं ते एक वाक्य पाच टेबलांवर फिरलं. प्रत्येकानं योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढं पाठवलं आणि ते परत येऊन प्रेमलतेपुढं पडलं.

तिनंही मग सरळ मार्ग सोडला. बारा डिसेंबरला तिनं स्वतःच्या नवऱ्याकडे अर्ज केला: मुलीच्या बाळंतपणासाठी उभयतांना तीन महिने पुण्यास जाण्याची परवानगी मिळावी. मनोहररावांनी आवक क्रमांक घातला, बत्तीस.

“क्रमानं येईन,” ते म्हणाले. “पंचेचाळीस दिवस.”

“म्हणजे सव्वीस जानेवारी. गार्गीची तारीख वीस आहे.”

“सव्वीसला सुट्टी असते. सत्तावीसच समज.”

पुढच्या रविवारी सकाळी हॉलमध्ये सुनावणी होती, बसथांबा विरुद्ध बगिचा. जया सोफ्याच्या एका टोकाला, कृष्णकांत दुसऱ्या टोकाला प्रती मांडीवर घेऊन. प्रेमलता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि मधोमध बसली. तिनं गार्गीला फोनवर घेतलं होतं आणि आवाज मोठा केला होता.

“माझा अर्ज आज घ्या,” ती म्हणाली. “तातडीची बाब आहे. डॉक्टर म्हणतात आधीही होऊ शकते.”

मनोहररावांनी गठ्ठ्यातून बत्तीस नंबर काढला. त्यावर शेरा आधीच मारलेला होता. त्यांनी तो वाचून दाखवला. “कार्यालयाकडून पत्र अपेक्षित. तोवर प्रलंबित.”

जया पदराचा काठ तपासू लागली. कृष्णकांतांनी तीन प्रती मोजल्या, पुन्हा मोजल्या. फोनमधून गार्गीचा श्वास तेवढा ऐकू येत होता. प्रेमलतेनं एकेकाकडे पाहिलं आणि तिला सगळ्यांचा इतका कंटाळा आला, स्वतःचा धरून, की वाक्य आपोआपच तोंडातून निघालं.

“अहो, पत्र येणार नाही. साहेब बदलून गेले. तुमची जागा राहिली नाही. तुम्हाला आता कोणी बोलावणार नाही.”

मनोहररावांनी पेनाला टोपण लावलं. शेऱ्यावरून एकदा बोट फिरवलं, शाई वाळली की नाही पाहावं तसं.

“मले माहीत आहे,” ते म्हणाले. “दिवाळीत मीच फोन केला होता ऑफिसात. ज्यानं उचलला तो म्हणे, कोण मनोहरराव?”

कृष्णकांत उठायला लागले आणि अर्धवट उठून तसेच राहिले.

“मग सांगितलं काहून नाही?” प्रेमलता म्हणाली.

“तुम्ही सगळे इतकं जपून राहिले होते मले. तुमचं मन काहून मोडू?” त्यांनी स्वतःचा फोन उचलून तिच्या हातात दिला. “तिकिटं पाहा. दोन्ही बर्थ खालचे पाहा. तुझेही गुडघे दुखतात, तू सांगत नाहीस.”